अडीचकी

डंडीत नोव्हेंबरात पावणेचारलाच दिवे लागतात.
बावीस नंबरच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर,
काचेवरची वाफ बाहीनं पुसून
मी आजचं टपाल सोडवायला घेते:
तीनशे बारा पत्ते.

टपाल हा शब्द बाबांचा.
मिरजेच्या आरएमएसमध्ये तीस वर्षं सॉर्टर,
रात्रीच्या गाडीत उभ्यानं
पाकिटं खणांत फेकणारा माणूस.
पत्ता एकदाच वाचायचा, म्हणायचे,
दोनदा वाचलास की कराड गेलं.

पहिल्या सहामाहीत मी अख्खी व्याख्यानं
एकेका पत्त्यावर कोंबली.
मूत्रपिंड, उभा छेद, सतरा बाण,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तळटीप.
उलटून पाहिलं की वाटायचं, हे तर येतच होतं,
आणि बोट आपोआप ‘ठीक’वर.

शेजारच्या खोलीतली आयली,
फोर्फरच्या खाटकाची मुलगी,
खांद्यावरून बघून म्हणाली,
हा पत्ता नाही, ही ट्रंक आहे.
हाडाचा सांधा कुठं आहे ते बघून काप.

मग कापत बसले.
एक प्रश्न, एक उत्तर.
रिकाम्या जागा भरा, चौथीतल्यासारखं:
दंडातली अमुक नस दुखावली की मनगट लोंबतं.
व्याख्यान झालं त्याच संध्याकाळी लिहायचं,
नवे वीसच, तेही जुनी थकबाकी फिटल्यावर.
किटली उकळेपर्यंत अकरा होतात.
लिफ्टमध्ये चार.

येतंय म्हटलं की ॲप पत्त्याला लांब धाडतं,
चार दिवस, मग दहा, मग पंचवीस,
दर खेपेला अडीचपट.
बाबा फोनवर हसले,
अगं, ही तर आमची अडीचकी!
आणि सुरूच झाले,
एक अडीच अडीच, दोन अडीच पाच,
तीन अडीच साडेसात…
सातावर अडकले.
दहा मिनिटांनी परत विचारते, म्हटलं मी.
विचारलं नाही.

वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला ॲपमध्ये जळू म्हणतात.
माझी जळू अशी:
डिगॉक्सिन जास्त झालं तर जग कसं दिसतं?
आठ वेळा चुकले.
निळं. दुहेरी. बोगद्यातून बघितल्यासारखं.
आयली म्हणते, खोड, नाहीतर नव्यानं लिही,
फुकट रक्त पाजू नकोस.

मंगळवारी वॉर्डात मिस्टर पेट्री.
चौऱ्याऐंशी वर्षांचे, तरुणपण तागाच्या गिरणीत,
कान तिथंच राहिले, म्हणून बोलतात ते ओरडून.
सकाळची गोळी घेतली की नाही आठवेना,
म्हणून पुन्हा घ्यायचे.
किती दिवस, तेही आठवेना.
खिडकीकडे बोट करून मला म्हणाले,
पोरी, गुरुवारपासून ही आख्खी टे नदी
कुणीतरी मार्मालेडच्या बरणीत भरून ठेवलीय.

मी आधी हसले.
मग हसू तोंडातच थांबलं.
उत्तर माझ्याकडे बघत होतं,
चष्मा नाकावर घसरलेला,
पायजम्याला टोस्टचा चुरा.
रक्त तपासायला पाठवताना
नर्सला मी औषधाचं नाव दोनदा सांगितलं.

परतीच्या बसमध्ये तोच पत्ता आला.
पिवळं, मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.
पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं.
मागच्या बाजूला त्यांचं नाव लिहावंसं वाटलं.
लिहायचं नसतं.
नुसतं ‘बरणी’ लिहिलं, आणि ‘सोपं’ दाबलं.
ॲपला काय कळणार, ते म्हणालं:
चार दिवसांनी भेटू.

चार दिवसांनी नदी परत राखाडी झाली होती.
तेच सांगत होते, थोडे नाराज होऊन.

रविवारी बाबांचा फोन.
निघालं का टपाल?
अजून एकोणीस, मी म्हणते.
आणि गाडी?
मी काच पुसते.
बाहेर अंधार, खाली लांबवर पुलाचे दिवे,
आणि पलीकडून, मी न विचारता,
बाबा म्हणतात: सात अडीच साडेसतरा.